मोठमायची ट्रॉली आणि जावयाचा ट्रेलर

प्रतापगड म्हटलं की उरलेल्या महाराष्ट्राला अफजलखान आठवतो. त्यात चूक काही नाही, १६५९ सालची ती भेट विसरण्यासारखी नव्हतीच. पण महाराष्ट्राच्या अगदी दुसऱ्या टोकाला, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आमचाही एक प्रतापगड आहे. इथेही डोंगर आहे, किल्ल्याच्या खुणा आहेत आणि महाशिवरात्रीला इथे अशी गर्दी लोटते की खान चुकून इकडे आला असता तर छावणी टाकायला जागा न मिळाल्यामुळे आल्या पावली परत गेला असता.

जागा हा आमच्या प्रतापगडचा मोठा विषय. इथे महादेव आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे. वर्षानुवर्षं दोघेही एकमेकांना धक्का न लावता राहतात, आणि यात्रेला आलेला माणूस दोन्हीकडे माथा टेकून घरी जातो. थोड्या जागेत सगळ्यांची सोय कशी लावावी याचा धडा देवांनीच घालून दिल्यावर भक्तांनी तरी मागे का राहावं?

शहरांत हल्ली कॅम्पर ट्रेलर नावाच्या वस्तूचं कौतुक सुरू आहे. गाडीच्या मागे जोडायची, चाकांवरची खोली. तिच्यात झोपायचं, तिच्यातच स्वयंपाक करायचा आणि सकाळी उठून तिच्यासमोर खुर्ची टाकून फोटो काढायचा. राज्य सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणसुद्धा आणलं. ते वाचून आमच्याकडच्या लोकांना नवल वाटलं ते एवढंच, की यालाही धोरण लागतं? आमच्या या झाडीपट्टीत पिढ्यान् पिढ्या माणसं बंडी जुंपून, बायकापोरं आणि भांडीकुंडी भरून महादेवाला जात आली. बैल गेले, ट्रॅक्टर आला, बंडीची ट्रॉली झाली. बाकी सगळं तसंच राहिलं.

ट्रॉलीतून माणसं नेऊ नयेत असा कायदा आहे, आणि आमच्याकडे कायद्याला पूर्ण मान आहे. एसटीच्या जादा गाड्या असतात, जीपा असतात. ट्रॉलीत कागदोपत्री फक्त सामान असतं. त्या सामानाची राखण करायला काही मंडळी सामानावर बसलेली असतात, इतकंच.

आमच्या घराण्याची ट्रॉली भरण्याचा अधिकार मोठमायकडे आहे. मोठमाय म्हणजे माझी थोरली काकू. तिला ट्रॅक्टर चालवता येत नाही, पण तिने हात वर केल्याशिवाय ट्रॅक्टर हलत नाही. भरणीच्या दिवशी ती अंगणात बाजेवर बसते आणि माणसांना हुकूम सोडते. सर्वात आधी ट्रॉलीच्या तळाला धानाची तणस, चांगली हातभर. ही तणस म्हणजे रस्त्यात गादी, रात्री बिछाना, पहाटे चूल पेटवायला आणि उरली तर भांडी घासायला. यात्रा संपेपर्यंत तणस संपलेली असते आणि ती कुठे ठेवायची हा प्रश्न तिच्याबरोबरच संपतो.

तणसीवर तांदळाची चुंगडी. जाताना ती बसायला बैठक. जसजसा भात शिजतो तसतशी बैठक खाली जाते, आणि शेवटी रिकामी चुंगडी उरते, ती यात्रेतली खरेदी भरायला. चुंगडीच्या बाजूला गोवऱ्यांची टोपली. गोवऱ्यांवर रोडगे भाजले जातात, गोवऱ्यांची राख होते, राखेने भांडी घासली जातात आणि टोपली मोकळी होते. तिच्यात येताना प्रसाद. मग गंज, म्हणजे मोठी पातेली, एकात एक बसवलेले. सगळ्यांत मोठ्या गंजाच्या पोटात मधला, मधल्याच्या पोटात धाकटा, धाकट्याच्या पोटात तिखटमिठाचे डबे, आणि डब्यांच्या मधल्या फटींत लसूण. ट्रॉलीत फट दिसली की मोठमायला ती सहन होत नाही. फटीत लसूण बसत नसेल तर ती तिथे एखादं पोर बसवते.

पोरांचा हा उपयोग शहरी लोकांना माहीत नसतो. सामान हलू नये म्हणून ते मऊ वस्तूंनी गच्च करावं लागतं, आणि पोरांइतकी मऊ, हव्या त्या आकारात मावणारी आणि फुकट मिळणारी वस्तू दुसरी नाही. म्हाताऱ्या माणसांचा उपयोग वेगळा. ती जड आणि एका जागी बसणारी असल्यामुळे त्यांना कोपऱ्यात, भांड्यांच्या उताराला बसवतात. आमचे एक आजोबा हयातभर गंजांना अडण म्हणून प्रतापगडला गेले. महादेवाने त्यांना उदंड आयुष्य दिलं, ते याच पुण्याईने, असं घरात मानतात.

राहिली लुगडी. लुगडं नुसतं नेसण्यासाठी असतं, असं मोठमायला वाटत नाही. दोन बांबूंच्या मध्ये ताणलं की सावली, आडवं टाकलं की पडदा, चार टोकं बांधली की गाठोडं, ट्रॉलीच्या दांड्याला अडकवलं की तान्ह्याची झोळी. ते बांबूही रिकामे बसत नाहीत. रात्री ताडपत्रीचे खांब, सकाळी कपडे वाळत घालायची काठी, पाणी आणायच्या वेळी कावड. मोठमायचा नियम एकच आहे : “जे एकाच कामाले येते, ते घरी ठेवावं.” या नियमाने दरवर्षी दोन-चार पुरुष मंडळीही घरी राहतात.

अशा ट्रॉलीच्या शेजारी यंदा आमच्या भाचीचा नवरा आपला कॅम्पर ट्रेलर घेऊन उभा राहिला.

जावईबापू पुण्याचे. त्यांनी मोबाइलमध्ये नुसतं ‘प्रतापगड’ टाकलं तेव्हा मोबाइलने त्यांना चार तासांच्या आत पोचवतो म्हणून सांगितलं होतं. भाचीने त्यांना वेळीच पूर्वेकडे वळवलं. मग नागपूर, भंडारा, साकोली करत कोहमाऱ्याला वळून, नवेगावबांधच्या जंगलातून दरमजल करत ते पोचले. ट्रेलर पांढराशुभ्र, खिडक्यांना जाळ्या, आणि आत इतकी कपाटं की माणसाने आत शिरावं कुठून हा प्रश्न पडावा.

कपाटांची त्यांना हौस होती. बिछान्याखाली खण, बाकाखाली खण, छताला फळ्या, दाराच्या मागे कप्प्याकप्प्यांची कापडी पिशवी. सुऱ्या लोहचुंबकाच्या पट्टीला चिकटलेल्या. वाडगे सिलिकॉनचे, दाबले की चपटे होणारे. हवा काढून घेतली की पापडासारख्या होणाऱ्या रजया, आणि ती हवा काढायचा पंप. पंप ठेवायला एक पेटी. पेटी हलू नये म्हणून पट्टा. पट्टे ठेवायला कप्पा. जागा वाचवण्याच्या सामानाने ट्रेलरची निम्मी जागा व्यापली होती, पण व्यापली होती अतिशय शिस्तीने.

मोठमाय पायरीवर उभी राहून आत पाहत होती. तिने बोट दाखवलं.

“जावाईबापू, हे कपाट कायचं जी?”

“मसाल्याचं, आजी.”

“आन् हे?”

“ते मोकळं आहे. पुढे काही लागलं तर.”

“आन् ते बारीकसं?”

“त्यात कपाटांच्या किल्ल्या.”

मोठमाय थोडा वेळ गप्प राहिली. मग अगदी मायेने म्हणाली, “बापा, सामान घरी राहिलं का तुमचं? कपाटंच आनली!”

जावईबापूंवर हसण्यात अर्थ नाही. हा रोग त्या गाडीचा आहे आणि जुना आहे. हौसेखातर फिरायची पहिली कॅरॅव्हॅन १८८५ साली विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या स्कॉटिश डॉक्टराने इंग्लंडमध्ये बांधून घेतली. घोडे ओढायचे, नाव ‘वाँडरर’. डॉक्टर निवृत्त आरमारी वैद्य, शिवाय लेखक. त्यांनी आपला कुत्रा बरोबर घेतला, पक्षी बरोबर घेतला, आणि नोकराला तीनचाकी सायकल देऊन गाडीच्या पुढे पाठवलं. समोरून येणाऱ्यांना वर्दी द्यायला, असं कारण सांगतात. मोठमायला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तिने खरं कारण ताबडतोब ओळखलं : “आत जागा नसन.”

जागा ओळखण्याची ही नजर झाडीपट्टीच्या मातीतच असावी. या भागाने पाऊस साठवायला शेकडो तलाव आणि बोड्या खोदल्या, धान साठवायला ढोल्या विणल्या, आणि इटियाडोहासारखं धरण बांधून आख्खी गाढवी नदी अडवून ठेवली. ज्यांनी नदी ठेवायला जागा शोधली, त्यांना चार गंज कुठे ठेवावे याची काय चिंता?

आमच्या नाटकवाल्यांचं घ्या. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावजत्रा, सुरू झाल्या की वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. एका गाडीत राजवाडा, कोर्ट, तुरुंग, गरिबाची झोपडी आणि श्रीमंताचा दिवाणखाना मावतो, कारण हे सगळं पडद्यावर रंगवलेलं असतं आणि पडदा बांबूला गुंडाळता येतो. राजवाडा गुंडाळला की त्याच्यावर ऑर्गनची पेटी, पेटीवर खलनायक, खलनायकाच्या मांडीवर तबला. रात्री हाच मनुष्य रंगमंचावर नायकाचं घर बळकावतो तेव्हा प्रेक्षक हळहळतात. सहा तास तबला मांडीवर घेऊन आलेल्या माणसाला एक घर बळकावावंसं वाटलं तर त्यात नवल काय, हा विचार कोणी करत नाही.

आणि या विद्येतले खरे आचार्य तर प्रतापगडच्या शेजारीच राहतात. १९७२ पासून इथे तिबेटी निर्वासितांची नोरग्येलिंग वसाहत आहे. हिवाळा आला की तिबेटी मंडळी शहरोशहरी स्वेटर विकायला जातात. लोकर ही फुगणारी वस्तू. घरातला एक स्वेटर घडी घालून कपाटात ठेवायचा म्हटलं तर आपण त्याच्यावर गुडघा टेकवतो. हे लोक आख्ख्या दुकानाचे गठ्ठे बांधतात, गाडीत टाकतात, परगावी दोन बांबू रोवून ते दुकान पुन्हा उभं करतात आणि थंडी सरली की उरलेलं दुकान बांधून परत येतात. पण यांच्या आधीच्या पिढीने तर घरदार, मठ, डोंगर सगळं मागे ठेवून हिमालय ओलांडला होता, अंगावर मावेल तेवढंच घेऊन. काय न्यायचं आणि काय सोडायचं हे ज्यांना असं एका रात्रीत ठरवावं लागलं, त्यांच्यासमोर आपण मसाल्याच्या कपाटाची चर्चा करू नये.

जावईबापूंच्या ट्रेलरमध्ये चर्चा मात्र चालूच होती. प्रत्येक खणावर चिठ्ठी चिकटवलेली होती, आणि चिठ्ठीबद्दल नवराबायकोत मतभेद होते. आगपेटी ‘स्वयंपाक’मध्ये की ‘आणीबाणी’मध्ये? दोरी ‘अवजारे’ की ‘कपडे’? भाचीचं म्हणणं, दोरीवर कपडे वाळतात म्हणून ती कपड्यांत. जावईबापूंचं म्हणणं, मग सूर्यालाही कपड्यांत ठेव. हा संवाद ऐकायला शेजारच्या ट्रॉल्यांमधली मंडळी येऊन बसली. त्यांनी ‘बाक’ या सदराखाली येणारी सगळी जागा भरून टाकली.

मोठमायच्या ट्रॉलीत एकही चिठ्ठी नाही. तिथे चिठ्ठी म्हणजे स्वतः मोठमाय. “आगपेटी?” म्हटलं की डोळे न उघडता उत्तर येतं, “दुसऱ्या गंजात, हयदीच्या डब्याखाली.” या व्यवस्थेत एकच खोट आहे. मोठमाय आंघोळीला गेली की ट्रॉली कुलूपबंद होते. सामान समोर असतं, पण सापडत नाही. दहा माणसं गंजांभोवती उभी राहून तिची वाट पाहतात, आणि दर्शनाची रांग परवडली असं म्हणतात. जावयाच्या ट्रेलरमध्ये उलट. तिथे कुठलीही वस्तू कोणालाही सापडते, फक्त ती बाहेर काढण्यासाठी आधी बिछाना उचलावा लागतो आणि बिछान्यावर सासूबाई झोपलेल्या असतात.

पहिल्या रात्रीनंतर माझ्या ध्यानात आलं की आमच्या ट्रॉलीत जागा उरते तिचं कारण मोठमायची भरणी नाहीच. खरं कारण आजूबाजूला पसरलेलं होतं. महाशिवरात्रीला गावोगावचे पोहे, म्हणजे भक्तांचे जथे, प्रतापगडला उतरतात तेव्हा कोणतीही ट्रॉली पूर्ण संसार घेऊन येत नाही. मोठी परात एकीकडे, सांडशी दुसरीकडे, उपासाचे शिंगाडे तिसऱ्या ट्रॉलीत. आमच्याकडे लाखोळीची डाळ असते पण ती घोटायला रवी नसते, कारण रवी नेहमी शेजारच्या गावाची आणायची हे ठरलेलं. ती मागायला गेलेलं माणूस तासाभराने येतं, रवीबरोबर दोन लग्नांच्या बातम्या आणि एका भांडणाचा निकाल घेऊन येतं. मोठमाय जी वस्तू बरोबर घेत नाही ती विसरलेली नसते. ती शेजाऱ्याच्या ट्रॉलीत ठेवलेली असते.

जावईबापूंकडे सगळंच होतं. रवी होती, दोन होत्या. म्हणून त्यांना कोणाकडे जायचं कारण नव्हतं. सकाळभर ते खुर्ची टाकून आपल्या परिपूर्ण ट्रेलरसमोर एकटे बसले होते. हे दृश्य मोठमायला पाहवेना. तिने एका काकाजींचं इन्सुलिन त्यांच्या हाती दिलं आणि म्हणाली, “बापू, तुमच्या त्या थंड्या कपाटात ठेवा जी.”

तिथून बांध फुटला. बारा व्होल्टचा तो चिमुकला फ्रिज आधी इन्सुलिनने, मग तान्ह्यांच्या औषधांनी, मग कोणाच्या तरी दह्याने भरला. चार्जिंगच्या खाचांना मोबाइल लोंबकळू लागले. ‘पुढे काही लागलं तर’ म्हणून मोकळ्या ठेवलेल्या कपाटात परगावच्या एका नवरदेवाचा कोट शिरला. ‘आणीबाणी’च्या खणात बायकांनी पाकिटं आणि मंगळसूत्रं ठेवली, कारण डोंगरावरच्या गर्दीत जायचं होतं. किल्ल्यांच्या त्या बारीकशा कपाटालाही अखेर अर्थ आला. संध्याकाळपर्यंत ट्रेलर म्हणजे यात्रेचं गोदाम झालं होतं आणि जावईबापू त्याचे गोदामपाल. त्यांचं स्वतःचं सामान ट्रेलरखाली ताडपत्रीवर पडलं होतं. त्यातलं काहीच कमी पडलं नाही, कारण जेवण या ट्रॉलीतून, चहा त्या ट्रॉलीतून आणि रोडगे सगळीकडून येत होते. सिलिकॉनचे वाडगे पोरांनी डोक्यावर टोप्या म्हणून घातले. दोन कामांना आल्यामुळे मोठमायने त्यांना पुढच्या वर्षी आणायची परवानगी दिली.

परतीचा दिवस हा साठवणशास्त्राच्या परीक्षेचा दिवस. जाताना खायच्या वस्तू नेलेल्या असतात, येताना टिकाऊ वस्तू आणायच्या असतात. बांबूची सुपं, टोपल्या, विळे, बांगड्या, रेवड्यांची पुडकी, आणि दगडी पाटा-वरवंटा. घरी मिक्सर असला तरी यात्रेतून पाटा आणायचाच असतो, न आणला तर महादेवाला काय वाटेल? भाचीनेही पाटा घेतला. तो दोघांनी उचलून आणला आणि ट्रेलरच्या दारात ठेवला. कुठल्याच चिठ्ठीत पाटा बसत नव्हता.

त्याच वेळी जावईबापूंनी आपली खरी अडचण सांगितली. येताना ट्रेलर वेग घेतला की शेपूट हलवत होता. एक म्हातारे धुरकरी, ज्यांनी आयुष्यभर बंडी हाकली, ते काठी टेकत आले. त्यांनी ट्रेलरभोवती एक चक्कर मारली. पाण्याची टाकी मागे, जनरेटर मागे, अवजारांची पेटी मागे. “उलाळ झाली,” ते म्हणाले. बंडीत मागे भार गेला की धूर, म्हणजे पुढचा दांडा, वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाला की बैलांची मानच दबते. चाकाच्या कण्यावर भार बसवायचा आणि थोडा, अगदी थोडाच, धुरेवर ठेवायचा. जावईबापूंनी चमकून आपलं माहितीपुस्तक उघडलं. त्यातही तेच होतं : जड सामान खाली आणि कण्याजवळ, एकूण वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार जोडणीवर. फक्त पुस्तकाने हे सांगायला आकृत्यांसह चार पानं घेतली होती आणि धुरकऱ्यांनी एक बिडी.

मग टाकी रिकामी केली, जनरेटर कण्यावर आणला, आणि उरलेला भार पुढे कसा आणायचा याचा विचार सुरू असताना मोठमायने पाट्याकडे बोट दाखवलं. पाटा पुढच्या बाजूला, तळाला, घट्ट बसवला. वरवंटा त्याच्या शेजारी. फटीत लसूण.

दोन दिवसांनी पुण्याहून फोन आला. “मामाजी, गाडी नागपूरपासून पुण्यापर्यंत जराही हलली नाही.” मी आनंद व्यक्त केला. पलीकडे जरा शांतता झाली. मग जावईबापू आवाज खाली आणून म्हणाले, “पण फ्लॅटमध्ये पाटा ठेवायला जागाच नाही हो. आजींना विचारता का?”

मी विचारलं. मोठमाय म्हणाली, “शेजाऱ्याकडे ठेवावं म्हना. तेवढीच ओळख होते.”